नातुनाच्या समुद्रातले तीन साक्षीदार

11 एप्रिल 1955. हाँगकाँगच्या काई टाक विमानतळावर एअर इंडिया इंटरनॅशनलचे एक चार इंजिनांचे विमान 80 मिनिटे उभे होते. मुंबईहून बँकॉकमार्गे आलेले हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नोंदणी क्रमांक व्हीटी-डीईपी, चीन सरकारने भाड्याने घेतले होते. त्याला जायचे होते जकार्ताच्या केमायोरान विमानतळावर. आठवड्याभरात इंडोनेशियातल्या बांडुंग शहरी आशिया-आफ्रिकेतील 29 देशांची परिषद भरणार होती. चीनच्या शिष्टमंडळातले काही अधिकारी आणि वार्ताहर या विमानातून निघाले होते. 80 मिनिटांत पेट्रोल भरले गेले, साफसफाई झाली, प्रवासी चढले. दुपारी 12 वाजून 25 मिनिटांनी विमान उडाले. आत 11 प्रवासी आणि 8 कर्मचारी. विमानाचे नाव 'काश्मीर प्रिन्सेस'.

पाच तासांनी ते समुद्रात होते.

या घटनेवर जगभर जे लिहिले गेले ते बहुतेक हेरांबद्दल आहे. बॉम्ब कोणी ठेवला, कोणी ठेवायला लावला, चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय त्या विमानात का नव्हते, अमेरिकेला काय ठाऊक होते. प्रश्न मोठेच आहेत, आणि ते इथेही येतील. पण या चर्चेत कॉकपिटमधली ती थोडी मिनिटे बाजूला पडली. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. उजव्या पंखावर इंजिनाच्या मागे आग दिसली तेव्हा कॅप्टन डी. के. जटार यांनी जे निर्णय घेतले, त्यांच्यामुळेच हा घातपात होता हे जगाला कळले. ते निर्णय चुकते, तर 'इंजिनाला आग लागून विमान बेपत्ता' एवढी चार ओळींची बातमी छापून आली असती आणि विषय मिटला असता.

इंजिन बंद पडून पाण्यात उतरण्याची कथा विमानाइतकीच जुनी आहे. 19 जुलै 1909 रोजी ह्युबर्ट लॅथम हा फ्रेंच वैमानिक 'आंत्वानेत' नावाच्या एका इंजिनाच्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडायला निघाला. वाटेतच इंजिनाने मान टाकली. लॅथमने विमान अलगद पाण्यावर टेकवले. मदतीला फ्रेंच विनाशिका पोहोचली, तेव्हा हा गृहस्थ तरंगणाऱ्या विमानावर बसून सिगारेट ओढत होता म्हणतात. सहा दिवसांनी लुई ब्लेरिओ या दुसऱ्या फ्रेंच वैमानिकाने खाडी पार केली आणि मान त्याला गेला. लॅथमने पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा पाण्यातच उतरला. दहा वर्षांनी, मे 1919 मध्ये, हॅरी हॉकर आणि मॅकेन्झी-ग्रीव्ह अटलांटिक ओलांडायला निघाले. त्यांचे इंजिन तापू लागले, तेव्हा त्यांनी शोधून शोधून एक डॅनिश बोट गाठली आणि तिच्याजवळच विमान पाण्यावर उतरवले. बोटीवर वायरलेस नव्हता. आठवडाभर इंग्लंड त्यांना मेलेलेच धरून चालले होते.

त्या विमानांचा वेग आणि वजन आजच्या मानाने किरकोळ. लाकूड, कापड आणि तारांची ती यंत्रे पाण्यावर बराच वेळ तरंगत. पुढे पाण्यावर उतरण्यासाठीच बांधलेली विमाने आली, होडीसारख्या तळाची. दुसऱ्या महायुद्धात म्हैसूर संस्थानातल्या बेळ्ळंदूर तलावावर कॅटालिना जातीची अशी विमाने उतरत. शेजारी बंगळूरला, म्हैसूर दरबाराच्या मदतीने वालचंद हिराचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये उभारलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात त्यांची दुरुस्ती चाले. कॅटालिनाला तलाव म्हणजे धावपट्टीच. कॉन्स्टेलेशनचे तसे नव्हते. ते पक्के जमिनीवरचे विमान. वेगात आदळणाऱ्या विमानाला पाणी हे फरशीइतकेच कठीण लागते.

अशा विमानाला समुद्रावर टेकवायचे तर वैमानिकाने काय करावे, याचे नियम तेव्हाही ठरलेले होते. चाके पोटात मिटलेली ठेवायची, कारण खाली लोंबणारे चाक पाण्यात अडकले की विमान नाकावर उलटते. फ्लॅप उतरवून वेग जितका कमी करता येईल तितका करायचा. लाटांच्या रांगांना आडवे जायचे नाही, त्यांच्या समांतर उतरायचे. नाक किंचित वर ठेवायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही पंख सपाट राखायचे. एका पंखाचे टोक आधी पाण्याला लागले की ते पाण्यात रुतते, विमान त्याभोवती गरकन फिरते आणि फाटते. प्रवाशांनी लाइफ जॅकेट घालायचे, पण आत बसून फुगवायचे नाही. 1996 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचे अपहृत विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरले, तेव्हा डाव्या पंखाचे टोक आधी लागले आणि विमान तुटले. 175 पैकी 125 जण गेले. त्यांतल्या अनेकांनी जॅकेट आतच फुगवले होते. पाणी आत शिरले तसे ते छताला जाऊन अडकले.

हे सगळे साधायला वैमानिकाच्या हाती दोन गोष्टी लागतात. ताब्यात राहणारे विमान आणि थोडा वेळ. दोन्ही हाताशी असले की काय होते, त्याचे उदाहरण 'काश्मीर प्रिन्सेस'नंतर दीड वर्षाने घडले. 16 ऑक्टोबर 1956 रोजी होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या पॅन अमेरिकनच्या विमानाची चारांपैकी दोन इंजिने गेली. कॅप्टन रिचर्ड ऑग यांनी अमेरिकी तटरक्षक दलाचे एक जहाज गाठले आणि उजाडेपर्यंत त्याच्यावर घिरट्या घालत राहिले. जहाजाने समुद्रावर फेसाचा पट्टा आखून दिला. सकाळी ऑग त्या पट्ट्यावर उतरले. शेपटी तुटली, तरी आतले 31 च्या 31 जण जिवंत बाहेर आले. त्या विमानात आग नव्हती, हा सगळ्यात मोठा फरक.

जटारांना घिरट्या घालायची सोय नव्हती. ग्रीनिच वेळेप्रमाणे 9 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास, म्हणजे उड्डाणानंतर पाच तासांनी, सुमारे 18,000 फुटांवर, विमानात स्फोटाचा आवाज झाला. थोड्याच वेळात केबिनमध्ये धूर शिरला. उजव्या पंखावर, तिसऱ्या क्रमांकाच्या इंजिनाच्या थेट मागे आग दिसत होती.

इथे या विमानाची रचना लक्षात घ्यायला हवी. कॉन्स्टेलेशनची इंजिने डावीकडून मोजतात. एक आणि दोन डाव्या पंखावर, तीन आणि चार उजव्या. मुख्य चाके हवेत गेल्यावर आतल्या दोन इंजिनांच्या मागच्या पोकळीत मिटतात. म्हणजे उजव्या चाकाची खोबण आणि तिसरे इंजिन एकमेकांना चिकटून, आणि पंखातली पेट्रोलची टाकीही लगतच. त्या खोबणीत काही पेटले तर कॉकपिटमधून ते इंजिनाचीच आग वाटणार. बॉम्बसाठी जागा निवडणाऱ्याला विमानाची चांगलीच माहिती होती, किंवा त्याला ती कोणीतरी पढवली होती. विमानाचे अवशेष मिळाले नसते तर तपासणाऱ्यांनी दोष इंजिनावरच टाकला असता. त्या काळी पिस्टन इंजिनांना हवेत आग लागणे नवलाचे नव्हते, आणि कॉन्स्टेलेशनची राइट कंपनीची इंजिने त्याबाबतीत बदनामच होती.

जटारांनी तिसरे इंजिन बंद केले आणि त्याचा पंखा फेदर केला. म्हणजे पात्यांच्या कडा वाऱ्याच्या दिशेने वळवल्या, जेणेकरून बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याला अडणार नाही. आगीत इंजिनही पेटू नये हा हेतू. उरलेल्या तीन इंजिनांवर कॉन्स्टेलेशन आरामात उडू शकते. साधी इंजिनाची आग असती तर हा इलाज पुरेसा ठरला असता. ती विझली नाही, कारण जळत होते ते इंजिन नव्हते. स्फोटाने तिसऱ्या क्रमांकाची टाकी फोडली होती आणि पेट्रोल पंखात पेटले होते.

आता वैमानिकापुढे दोन वाटा होत्या. उंची राखून एखाद्या धावपट्टीच्या आशेवर पुढे जायचे, किंवा पंख जळून तुटण्याआधी खाली उतरायचे. पहिली वाट माणसाला ओढ लावणारी. जमीन म्हणजे जमीन, आणि तीन इंजिने अजून चालू आहेत. पण पंख हवेत तुटला असता तर 19 माणसांपैकी कोणी वाचले नसते. जटारांनी समुद्र निवडला, तोही दक्षिण चीन समुद्रातल्या नातुना बेटांच्या जवळचा. खाली येता येता विमानातून तीन वेळा संकटसंदेश गेले आणि त्यांत आपण नातुनावर आहोत हे सांगितलेले होते. त्यानंतर रेडिओ मेला. विजेची एकेक वाहिनी बंद पडत होती, केबिनमधला हवेचा दाब सुटत होता, धूर कॉकपिटपर्यंत पोहोचला होता.

मागे केबिनमध्ये हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी आणि इतर कर्मचारी प्रवाशांना लाइफ जॅकेट देत होते. पाण्यात पडल्यावर बाहेर पडायला उशीर होऊ नये म्हणून आणीबाणीचे दरवाजे आधीच उघडण्यात आले. धुराने भरलेल्या, खाली कोसळत चाललेल्या विमानात हे काम शिस्तीत झाले, याबद्दल वाचलेल्या माणसांनी साक्ष दिली.

पाण्याला आधी उजवा पंख लागला, जो जळत होता तोच. विमानाचे तीन तुकडे झाले.

सोळा जण गेले, त्यांत जटार आणि बेरी होते. वाचले तिघे. सहवैमानिक एम. सी. दीक्षित, नॅव्हिगेटर जे. सी. पाठक आणि देखभाल अभियंता अनंत श्रीधर कर्णिक. कर्णिकांचे काम खरे तर जमिनीवरचे. ठरावीक मार्ग सोडून निघालेल्या फेरीवर विमान राखायला आपला माणूस सोबत हवा, म्हणून असा अभियंता बरोबर नेत. तिघे कित्येक तास पोहत राहिले आणि शेवटी बेटाच्या किनाऱ्याला लागले.

मेलेल्या प्रवाशांत बहुतेक चिनी. एक व्हिएतनामी, आणि दोन युरोपीय पत्रकार, एक ऑस्ट्रियाचा आणि एक पोलंडचा. शिन्हुआ या चिनी वृत्तसंस्थेचे तीन वार्ताहर होते. त्यांतले हुआंग झ्वोमेई हे हाँगकाँग शाखेचे प्रमुख. महायुद्धात जपान्यांच्या तावडीतून दोस्तांच्या सैनिकांना सोडवण्याच्या कामाबद्दल त्यांना ब्रिटिश सरकारने एमबीई हा किताब दिला होता. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या विमानतळावर, ब्रिटिशांनीच गौरवलेल्या माणसाच्या विमानात बॉम्ब ठेवला गेला. इतिहासाला असल्या गाठी मारायची खोड आहे.

लक्ष्य मात्र ते नव्हते. लक्ष्य होते चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय. ते याच विमानाने जाणार असा समज होता. प्रत्यक्षात त्यांचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले होते. काही दिवसांनी ते कुनमिंगहून रंगूनला गेले, तिथे पंडित नेहरू आणि ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांना भेटले आणि मग बांडुंगला पोहोचले. त्यांना कटाची कुणकुण आधीच लागली होती, असे काही अभ्यासक म्हणतात. चीनच्या परराष्ट्र खात्याने आदल्या दिवशी पेकिंगमधल्या ब्रिटिश प्रतिनिधीला सावध केले होते, एवढे नोंदलेले आहे. इशारा घातपाताचा होता की नुसत्या गडबडीचा, यावर दोन्ही बाजू नंतर वाद घालत राहिल्या. चाऊंना ठाऊक असेल तर त्यांनी बाकीच्यांना त्या विमानात का चढू दिले, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर इतक्या वर्षांनी लेखणीच्या जोरावर देण्यात अर्थ नाही.

एप्रिल 1955 मध्ये हातात काय होते ते पाहा. चीनने दुसऱ्याच दिवशी अमेरिका आणि तैवानचे सत्ताधीश च्यांग कै-शेक यांच्या हस्तकांवर खुनाचा आरोप केला. शीतयुद्धात असे आरोप रोज होत. एका बाजूने केलेला आरोप दुसरी बाजू झटकून टाकी आणि तटस्थ देश गप्प बसत. पुरावा लागत होता, आणि तो समुद्राच्या तळाशी होता.

आता दक्षिण चीन समुद्राचा नकाशा काढून बघा. हाँगकाँगहून जकार्ताला सरळ रेघ ओढली तर वाटेत समुद्र हजारो मीटर खोल आहे. हेच विमान दोन-तीन तास आधी कोसळले असते तर त्याचा सांगाडा 1955 च्या साधनांनी कोणालाही वर काढता आला नसता. नातुनाजवळ मात्र समुद्र उथळ आहे, कारण तिथे खंडाचा बुडालेला भाग सुरू होतो. जागा संकटसंदेशामुळे कळलेली होती. इंजिन कसे बंद केले, स्फोटाचा आवाज कुठून आला, धूर आधी की आग आधी, हे सांगायला तीन जाणते लोक जिवंत होते. त्यांतला एक वैमानिक, एक नॅव्हिगेटर, आणि एक तर विमानाचा नट-बोल्ट ओळखणारा अभियंता. कुठल्याही चौकशी आयोगाला याहून बरे साक्षीदार मागता आले नसते. सांगाडा वर काढला गेला. इंडोनेशिया सरकारच्या चौकशीचा निष्कर्ष 26 मे 1955 रोजी जाहीर झाला: उजव्या चाकाच्या खोबणीत ठेवलेल्या टाइम-बॉम्बचा स्फोट, आणि त्यात अमेरिकी बनावटीचा एमके-7 डिटोनेटर.

जटारांनी जाणून उथळ पाणी निवडले असे मी म्हणत नाही. जळत्या विमानात कोणी समुद्राची खोली मोजत नाही. त्यांनी बेटांजवळ उतरायचे ठरवले ते माणसे वाचावीत म्हणून. पण त्या निर्णयाने पुरावाही वाचला.

त्यानंतरचा भाग हाँगकाँग पोलिसांचा. विमानाची देखभाल आणि सफाई केलेल्या 71 जणांची चौकशी झाली. माहिती देणाऱ्याला एक लाख हाँगकाँग डॉलरचे बक्षीस लावले गेले. संशय हाँगकाँग एअरक्राफ्ट इंजिनिअरिंग कंपनीतल्या चाव त्से-मिंग नावाच्या सफाई कामगारावर स्थिरावला. त्याने मित्रांपाशी बढाई मारली होती आणि अचानक बराच पैसा उधळला होता. च्यांग यांच्या क्वोमिंतांग पक्षाने सहा लाख हाँगकाँग डॉलरचे आमिष दाखवून त्याच्याकडून हे करवले, असा पोलिसांचा निष्कर्ष. पण 18 मे रोजीच तो सिव्हिल एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीच्या विमानातून तैवानला पळाला होता. ही कंपनी सीआयए या अमेरिकी हेरसंस्थेच्या मालकीची होती, हे पुढे उघड झाले. खुनाच्या कटाचे वॉरंट निघाले. तैवानने त्याला परत पाठवायला नकार दिला.

भारताच्या बाजूने नेहरूंनी गुप्तवार्ता विभागातल्या एका तरुण अधिकाऱ्याला तपासावर पाठवले. त्यांचे नाव रामेश्वरनाथ काव. तेरा वर्षांनी 'रॉ' ही भारताची परदेशी हेरसंस्था स्थापन झाली ती याच काव यांच्या नेतृत्वाखाली. भारतीय हेरखात्याच्या इतिहासात 'काश्मीर प्रिन्सेस' हे काव यांच्या कर्तृत्वाचे पहिले पान म्हणून सांगतात, आणि जटार त्या पानावर एका वाक्यापुरते येतात. हे मला खटकते. काव हाँगकाँगला जाऊन जो धागा पकडणार होते तो धागा नातुनाच्या पाण्यात शाबूत ठेवला होता तो जटार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

अमेरिकेबद्दलचा संशय चाऊ विसरले नाहीत. 1971 मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर पेकिंगला गेले तेव्हा चाऊंनी त्यांना या विमानाबद्दल तोंडावर विचारले. सीआयएच्या कर्तबगारीबद्दल तुमचा फारच मोठा गैरसमज आहे, अशा अर्थाचे उत्तर किसिंजरांनी दिले. नाकारण्याची ही तऱ्हा चतुर खरी. त्या उत्तरात 'आम्ही नव्हतो' हे सरळ शब्द मात्र नाहीत.

भारत सरकारने जटार, बेरी, दीक्षित, पाठक आणि कर्णिक यांना अशोकचक्र दिले. त्या वेळी या पदकाच्या तीन श्रेणी असत, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र ही वेगळी नावे पुढे 1967 मध्ये आली. रणांगणाबाहेरच्या पराक्रमासाठीचे हे पदक सैन्याबाहेरच्या माणसांना मिळण्याची ही पहिली वेळ. कर्णिकांनी नंतर 'काश्मीर प्रिन्सेस' याच नावाचे पुस्तक लिहिले. चीनमध्ये पेकिंगच्या बाबाओशान स्मशानभूमीत या दुर्घटनेतल्या मृतांचे स्मारक आहे. आपल्याकडे जटारांचे नाव विचारले तर विमानप्रेमी सोडून किती जण सांगतील, शंकाच आहे.

2009 मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत कॅप्टन सलेनबर्गर यांनी 155 जणांसह विमान सुखरूप उतरवले आणि सगळ्या जगाने त्यांना डोक्यावर घेतले. ते योग्यच झाले. पण त्यांच्यापुढे शांत नदी होती, शाबूत पंख होते, आसपास बोटी होत्या. जटारांपुढे यातले काहीच नव्हते, आणि त्यांच्या खात्यावर 16 मृत्यू आहेत. म्हणून आकड्यांच्या हिशेबात ते कायम मागे राहणार. आकडा उलटा वाचावा. पंखात पेट्रोल जळत असलेल्या विमानातून तिघे जिवंत बाहेर आले, हा त्यांच्या कामगिरीचा हिशेब.

चाव त्से-मिंग तैवानहून परत आला नाही. त्या 16 जणांच्या खुनाबद्दल कोणालाही कधी शिक्षा झालेली नाही.